वन्सं आणि जानेवारीतला समुद्र

श्यामलाचा फोन आला तेव्हा मी बेळ्ळंदूरला आमच्या टॉवरच्या फाटकाशी नातीच्या शाळेच्या बसची वाट बघत उभी होते. श्यामला म्हणजे मल्लेश्वरमच्या आमच्या घराची समोरची शेजारीण. एरवी आधी पाच मिनिटं तब्येतीची, उन्हाची, भाजीची चौकशी करणारी बाई, पण त्या दिवशी तिनं एवढंच म्हटलं, "अक्का, स्वल्प बेगा बन्नी." जरा लवकर या. मग मला नीट कळावं म्हणून तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "नलिनी अक्का चहाला उठत नाही..." ओवी बसमधून उतरली, तिला टॉवरमधल्या शेजारणीच्या हवाली केलं आणि टॅक्सीत बसले. रिंग रोडवर दुपारची गर्दी सुरू झाली होती. एकाच शहरातल्या आपल्या एका घरातून दुसऱ्या घरी जायला मला अडीच तास लागले. हेब्बाळच्या अलीकडे गाडी जागच्या जागी थांबली तेव्हा ड्रायव्हरनं आरशातून बघत विचारलं, "अर्जेंटा, अम्मा?" मी म्हटलं, "इल्ल." नाही. श्यामलाच्या आवाजावरूनच मला कळलं होतं, आता घाई करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

नलिनी म्हणजे माझी नणंद. माझ्या यजमानांपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना लग्नापासून शेवटपर्यंत 'वन्सं' म्हणत आले, अहोजाहो करत आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. दुपारी जेवल्या, भांडी घासून पालथी घातली, चष्मा उशाशी ठेवून आडव्या झाल्या आणि झोपेतच गेल्या. "पुण्यवान बाई, कुणाला त्रास दिला नाही," असं जो भेटेल तो म्हणत होता. मला ते ऐकवत नव्हतं. त्रास द्यायला घरात होतं कोण? मी खोलीत गेले तेव्हा श्यामलानं त्यांच्या अंगावर धुतलेली चादर घातली होती. त्यांच्या कॉटशेजारी पूर्वी माझी कॉट असायची, ती जागा मोकळीच होती. दीड वर्षात तिथे त्यांनी एक खुर्चीसुद्धा ठेवली नव्हती. फरशीचा तेवढा चौकोन इतर फरशीपेक्षा उजळ दिसत होता, आणि मी मूर्खासारखी त्या चौकोनाच्या बाहेर उभी राहिले.

मी साताऱ्याची. लग्न होऊन बंगलोरला आले तेव्हा माहेरच्यांनी बजावून पाठवलं होतं, घरात मोठी, बिनलग्नाची, मिळवती नणंद आहे, जपून राहा. पहिल्याच दिवशी माझं माहेरचं कपाट जिन्यावरून वर येत होतं आणि वन्सं दारात लोखंडी टेप घेऊन उभ्या! "कपाट बसतंय गं, पण त्याचं दार उघडायचं नाही. दोन इंच कमी पडतायत." मी म्हटलं, बसेल की, दिसतंय ना. त्या म्हणाल्या, "डोळ्याला काय कळतंय? टेप लाव." आणि खरंच, दार उघडेना. वन्सं एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होत्या. ट्रेसर म्हणून लागल्या आणि चौतीस वर्षांनी सीनियर ड्राफ्ट्सवुमन म्हणून निवृत्त झाल्या. दुसऱ्यांनी काढलेल्या यंत्रांच्या आकृत्या ट्रेसिंग कागदावर शाईनं उतरवायच्या, आयुष्यभर तेच. त्या आकृत्यांमधलं एखादं यंत्र चालताना कधी पाहिलंय का, असं मी विचारलं होतं. "कशाला की?" म्हणाल्या, "कागद बरोबर असला की यंत्र चालतंयच."

आमच्या घराचाही असा एक कागद होता. वन्संच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, अगदी मापात काढलेला घराचा नकाशा. त्यात कॉट, टेबलं, पाण्याचं पिंप, देवघर, सगळं. घरातली कुठलीही वस्तू हलवायची तर आधी कागदावर हलवायची, तिथे बसली तरच प्रत्यक्षात. माझ्या मुलीचा, मृदुलाचा पाळणासुद्धा आधी त्या कागदावर आला. तिचे बाबा थट्टा करायचे, "ताई, जावयाची जागा पण आखून ठेव." मला मात्र त्या कागदाचा राग यायचा. घर माझं की कागदाचं, असं वाटायचं. साधा आरसा हलवायचा म्हटलं तरी टेप निघायची. मी धुसफुसत बसायची, आणि वन्सं जीभ दातात धरून पुढचा अर्धा तास रेघा मारायच्या. त्यांना माझा राग कळायचा की नाही, कोण जाणे. वन्सं मूळच्या बेळगावच्या, आणि बेळगावच्या माणसांना राग न दाखवता जेवायला वाढता येतं, मला ते कधी जमलं नाही.

पाच वर्षांपूर्वी हे गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले आणि घरात आम्ही दोघी उरलो, दोन खोल्यांत दोन बायका. मला झोप लागत नव्हती. एके दिवशी मी पेन्शनच्या कामाला बाहेर गेले आणि दुपारी परत येते तर माझी कॉट माझ्या खोलीत नाही. ती वन्संच्या खोलीत त्यांच्या कॉटशेजारी लागलेली. "एकटी कशाला झोपतीस? बसतीय इथं. मोजलंय मी," त्या म्हणाल्या. खोलीत काहीतरी कमी आहे एवढंच मला जाणवलं, काय ते संध्याकाळी लक्षात आलं. त्यांचं ड्रॉइंगचं टेबल नव्हतं. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा भंगारात निघालेलं ते मोठं तिरकं टेबल त्यांनी मागून आणलं होतं, निवृत्तीनंतर सकाळभर त्याच्यापाशी उभ्या असायच्या. ते त्यांनी एका शाळेला देऊन टाकलं होतं. मी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर आभार मानावे लागले असते.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला सोपं नाही. दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी मृदुला म्हणाली, "आई, तू आता आमच्याकडेच ये. ओवीसाठी घरी कुणीतरी हवंय, मलाही टेन्शन नाही राहणार." मग थोडं थांबून, "आत्याचं काय करायचं?" मी पटकन म्हटलं, "त्यांना मल्लेश्वरम सोडवणार नाही." वन्संना न विचारता वन्संच्या वतीनं मी उत्तर देऊन टाकलं. मृदुलानं सुटकेचा श्वास टाकला, आणि मी तिच्याहून मोठा टाकला. खरं सांगायचं तर मला चाळीस वर्षांनी कुणी मापं न घेतलेली एक खोली हवी होती. 'तुम्ही येता का' एवढं विचारायला काय लागत होतं? पण त्या 'येते' म्हणाल्या असत्या तर, याची मला भीती होती.

आणि हे सांगायचं कसं, या विचारात असतानाच मृदुलानं सहलीचं काढलं. तिला ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर स्पेनला जायचं होतं. ती शहरात काम करणार, आम्हा दोघींना जवळच्या समुद्रकाठच्या गावात ठेवणार आणि शेवटी येऊन घेऊन जाणार. भूमध्य समुद्रावरचं गाव, जगभरातली माणसं तिथे सुट्टीला येतात म्हणे. "जानेवारीत पण काम आहे, जूनमध्ये पण आहे. कधी येता?" मी क्षणाचा विचार न करता म्हटलं, जानेवारीत. समुद्रावर कुणी जूनमध्ये जातं? आम्ही कारवारला गेलो ते डिसेंबरात, गोव्याला जानेवारीत, मालवणलाही तसंच. मृदुला बंगलोरात वाढलेली, तिचंही समुद्राचं ज्ञान तेवढंच. वन्संनीसुद्धा, ज्यांनी जन्मात काही मोजल्याशिवाय केलं नाही, त्यांनी मान डोलावली. सुती साड्या, रबरी चपला, वन्संसाठी पांढरी टोपी, ऊन लागू नये म्हणून क्रीम, आणि कोकमाच्या आगळाची बाटली असं सगळं बांधून आम्ही निघालो. स्वेटर प्रत्येकी एक, तो विमानात एसी असतो म्हणून. समुद्राच्या वाऱ्यात मोकळेपणानं सांगता येईल, अशी मी मनाची तयारी केली होती.

गाव बंद होतं. दुसरा शब्द नाही. लांबच लांब किनारा, त्याला लागून फरसबंदी रस्ता, एका रांगेत ताडाची झाडं आणि झाडांमागे दहा-दहा मजल्यांची हॉटेलं, सगळ्यांच्या खिडक्यांवर पट्ट्यांचे पडदे खाली ओढलेले. आइस्क्रीमच्या टपरीला कुलूप, लहान मुलांच्या झुकझुक गाडीवर ताडपत्री. वाळूत रांगेनं खांब रोवलेले तेवढे उरलेले, त्यांवरच्या छत्र्या काढून नेलेल्या. ऊन छान होतं, पण वारा असा की कानात दुखावं. मृदुला आम्हाला सोडून त्याच गाडीनं परत गेली होती, तिच्याही तोंडावरचा रंग उडाला होता. मला रडू यायला लागलं. वन्संनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे बघितलं आणि डोक्यावर ती पांढरी टोपी धरून जे हसत सुटल्या... "शुभा, अगं दुकान बंद असताना आलो की आपण!" ठसका लागेपर्यंत हसल्या. त्यांना इतकं हसताना मी चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं.

पाच दिवस आम्ही दोन-दोन साड्या एकावर एक नेसून त्या गावात फिरलो. हॉटेलात आमच्याखेरीज एक म्हातारं जोडपं होतं आणि तेही तिसऱ्या दिवशी गेलं. रस्त्याच्या झाडांना संत्री लागलेली, एक खाली पडलेलं वन्संनी उचलून सोललं आणि तोंडात टाकून थुंकलं, "चिंचेनं हात जोडले असते!" सगळ्या रस्त्यात उघडं असं एकच लहानसं कॉफीचं दुकान होतं आणि त्यात एक म्हातारा. वन्संना इंग्रजी येत होतं, पण अनोळखी माणूस समोर आला की त्यांच्या तोंडून आपोआप कन्नडच निघायचं. बेळगावपासूनची सवय, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. त्या म्हाताऱ्याला त्यांनी शांतपणे सांगितलं, "बिसि नीरु कोडी." आणि त्यानं खरोखर गरम पाणी दिलं! रोज सकाळी तो आम्हाला बघून आधीच किटली ठेवायचा. एवढ्या मोठ्या बंद गावात आमची वाट बघणारा तो एकच माणूस होता, आणि आम्हीही एकमेकींशी चहा, ऊन, वारा यापलीकडे बोलत नव्हतो. मी रोज ठरवत होते, आज सांगू. रोज वारा जास्त आहे असं म्हणून परत येत होते.

वन्सं मात्र कामाला लागल्या होत्या. पर्समधून टेप काढायच्या आणि त्या खांबांमधली अंतरं मोजायच्या, मला एक टोक धरायला लावून. रस्ता पावलांनी मोजायच्या. हॉटेलातून मागून घेतलेल्या कागदावर त्यांनी त्या किनाऱ्याचा नकाशा काढला. मी बघितलं तर वाळूत ओळीनं गोल गोल, सगळे तुटक रेघांचे. हे काय, म्हटलं. "छत्र्या." मी म्हटलं, छत्र्या कुठे आहेत? "आहेत की. कुठल्यातरी गोदामात असतील. आपल्याला या बाजूनं दिसत नाहीत, एवढंच." मग ऑफिसात नव्या मुलींना शिकवत असतील तशा आवाजात म्हणाल्या, "असतंय पण दिसत नाही, त्याची रेघ तुटक काढायची. पुसायची नाही." टपऱ्या, झुकझुक गाडी, वाळूतल्या खुर्च्या, सगळं त्यांनी तुटक काढलं. अख्खं उन्हाळ्याचं गाव तुटक रेघांत. कडेच्या एका बाकावर तेवढे दोन ठिपकेवजा गोल पूर्ण रेघेचे होते. त्या आम्ही दोघी.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही त्याच बाकावर बसलो होतो. तिथे सूर्य समुद्रात बुडत नाही, पाठीमागच्या डोंगराआड जातो, त्यामुळे समुद्र आधी निळा असतो आणि मग नुसताच काळपट होत जातो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वन्संच म्हणाल्या, "मृदुलाकडं तुझी खोली कुठल्या बाजूची गं?" मी म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? "ओवीनं. दिवाळीतच फोनवर म्हणाली, आजी आमच्याकडं राहायला येणार." म्हणजे त्यांना निघण्याआधीपासून माहीत होतं. पाच दिवस त्या मला सांगायला वेळ देत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मोठी आहे काय खोली?" मी म्हटलं, "कुठली मोठी... एक कॉट जेमतेम बसते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मोजलीस?" हा प्रश्न मी चाळीस वर्षं ऐकत होते, पण त्या दिवशी त्या मापाबद्दल विचारत नव्हत्या. त्या जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागत होत्या. मी समुद्राकडे बघत म्हटलं, "बघूनच कळतं की, वन्सं." टेप त्यांच्या हातात अर्धवट उघडी होती. ती त्यांनी सोडून दिली, पाती खटकन आत गेली. "सरी, बरं," त्या म्हणाल्या. "चल, गार पडायलंय."

मार्चमध्ये मी बेळ्ळंदूरला आले. माझी कॉट वन्संनीच उभं राहून सुटी करून घेतली, प्रत्येक जोडावर खडूनं क्रमांक घातले, म्हणून इथल्या माणसांना ती दहा मिनिटांत लावता आली. आधी मी दर शनिवारी जात होते, मग शनिवारआड, मग सणावारी. गर्दीचं निमित्त खोटं नव्हतं, पण निमित्तच होतं. रोज चार वाजता मात्र फोन यायचा. "काय चाललंय?" "काही नाही. तुमचं?" "काही नाही." ओवीच्या वाढदिवसाला त्या एकदाच इकडे आल्या. सगळं घर बघितलं, बाल्कनीतून तळं बघितलं आणि माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. टेप पर्समध्ये असणारच, ती घेतल्याशिवाय त्या जिना उतरत नसत. पण काढली नाही. आतही आल्या नाहीत. "छान आहे," म्हणाल्या, आणि केक खायला गेल्या.

तेराव्यानंतर मी एकटी मल्लेश्वरमला त्यांचं कपाट आवरायला गेले. दार उघडलं तर आतून तो घराचा कागद तसाच होता, शेजारी स्पेनच्या त्या गावाचा नकाशा. घराच्या कागदावर पुसून पुसून लव आलेली. वन्संच्या खोलीत त्यांची कॉट, आणि तिच्याशेजारी, जिथे ती दीड वर्षं नव्हती तिथे, माझी कॉट. तुटक रेघेत. आत बारीक, सरळ अक्षरांत लिहिलेलं, 'शुभा'. मला त्यांच्याशिवाय एकटं वाटतं हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. मृदुलाच्या भरल्या घरात, ओवी मांडीवर असताना, मला त्या बंद गावाच्या बाकावर बसल्यासारखं वाटतं, आणि शेजारी कुणी नसतं.

त्या घरातून मी एकच वस्तू आणली, त्यांची टेप. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी माझ्या खोलीतली खिडकीखालची टोपली, ओवीची सायकल, इस्त्रीचं टेबल सगळं बाहेर काढलं. वन्संची कॉट आणि माझी कॉट एकाच सुतारानं केलेल्या, लांबी सहा फूट तीन इंच. खिडकीखालच्या भिंतीच्या एका टोकाला टेपची कड लावली, वर चपलेचं वजन ठेवलं, आणि गुडघ्यांवर सरकत दुसऱ्या टोकापर्यंत गेले. सहा फूट पाच. मला खरं वाटेना, म्हणून त्यांच्यासारखं उलट्या टोकाकडूनही मोजलं. सहा फूट पाच. दोन्ही कॉटांच्या मध्ये चालायला दीड फूट वाट राहत होती. चार वाजत आले होते, फोनची वेळ. मी टेप हातात धरून तिथेच फरशीवर बसले.

बसते, वन्सं. कॉट बसते.